ज्योतिषी आणि छापखाना

१९८० सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या १६ तारखेस जें खग्रास सूर्यग्रहण झालें, त्याची गडद छाया कर्नाटक व आंध्र या प्रांतांवरून गेली. आमच्या नगर जिल्ह्यांत तें खंडग्रासच दिसलें. तथापि बिंबाचा बराच मोठा भाग झांकला गेला होता. त्या दिवशीं दुपारीं आमच्या गांवच्या वाटा ओस पडल्या होत्या, दारें लागलीं होतीं, आणि पाण्याच्या हंड्यांवर दर्भ ठेवले होते. आम्ही त्या वेळीं लहान होतों. आमचे आजोबा शाळामास्तर. त्यांनीं भिंतीवरचें घड्याळ आकाशवाणीच्या वेळेशीं आधींच जुळवून ठेविलें होतें. पंचांग मांडीवर उघडून, परातींतल्या पाण्यांत पडलेलें सूर्याचें प्रतिबिंब पाहत ते ओसरीवर बसले होते. पंचांगांत छापलेल्या मिनिटाच्या सुमारास बिंबाच्या कडेला खोंच पडली आणि आजोबांनीं मोठ्या समाधानानें पेन्सिलीनें त्या आंकड्याखालीं रेघ ओढली. आंतून आजी म्हणाली, "ज्यानें मिनिटापर्यंत वेळ खरी सांगितली, त्यानें लिहिलेलें फळ तेवढें खोटें कसें होईल?"

आजोबांनीं त्यावर काय उत्तर दिलें, हें आम्हांस आठवत नाहीं. बहुधा कांहींच दिलें नसावें. परंतु पुढें इतिहास शिकवीत असतां सतराव्या शतकांतील इंग्लंडच्या ज्योतिष्यांची हकीकत जेव्हां जेव्हां वाचावयास आली, तेव्हां तेव्हां आजीचा तो प्रश्न आमच्या कानांत वाजत राहिला. ज्योतिष्याचा शब्द जोंवर तोंडीं होता तोंवर एक गोष्ट होती. तो छापून निघूं लागल्यावर त्याचें काय झालें? तिकडे काय झालें आणि इकडे महाराष्ट्रांत काय झालें, याचा थोडा विचार वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम इंग्लंडकडे वळूं. तेथें वार्षिक पंचांगें छापण्याचा मक्ता १६०३ सालीं पहिल्या जेम्स राजानें लंडनच्या पुस्तकविक्यांच्या संघास दिला होता. त्यांत चंद्राच्या कला, ग्रहणें, जत्रांच्या तारखा, पेरणीच्या व रक्त काढविण्याच्या वेळा हें सारें असे, आणि शेवटीं वर्षाचें भविष्य असे. किंमत दोनतीन पेनी. म्हणजे शेतकऱ्यासही परवडेल अशी. १६६० नंतरच्या दशकांत तेथें वर्षाकाठीं सुमारें चार लाख पंचांगें खपत असत, असा अंदाज आहे. म्हणजे दर तीन कुटुंबांमागें एक. बायबल सोडल्यास दुसऱ्या कोणत्याही छापील पुस्तकाचा तेथें एवढा प्रसार नव्हता.

या बाजारपेठेचा अनभिषिक्त राजा म्हणजे विल्यम लिली. जन्म १६०२, मृत्यु १६८१. लीस्टरशायर परगण्यांतील एका बुडालेल्या शेतकऱ्याचा हा मुलगा लंडनला येऊन घरगडी म्हणून राहिला, धन्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेशीं लग्न करून सुस्थितींत आला, आणि फावल्या वेळीं ज्योतिष शिकला. १६४४ सालीं त्याचें पहिलें पंचांग निघालें. राजा चार्ल्स व पार्लमेंट यांचें युद्ध त्या वेळीं ऐन भरांत होतें. पुढच्या वर्षीं जूनच्या १४ तारखेस नेझ्बीच्या रणांगणावर राजाचा पुरता मोड झाला, आणि पार्लमेंटास जय येणार असें सांगणारी लिलीची पुस्तिका त्याच सुमारास लंडनांत विक्रीस आली होती. तेव्हांपासून लिली हा नुसता ज्योतिषी राहिला नाहीं. तो पार्लमेंटाच्या तोफखान्याचा एक भाग झाला. १६४८ सालीं कोल्चेस्टरच्या वेढ्यांत कंटाळलेल्या शिपायांस धीर देण्यासाठीं त्यास व जॉन बुकर या दुसऱ्या ज्योतिष्यास मुद्दाम छावणींत नेण्यांत आलें होतें. नवल असें कीं, कैदेंत पडलेल्या राजाच्या वतीनें, पळून कोठें जावें हें विचारण्यास एक बाई आली तीही याच लिलीकडे!

राजपक्षाचाही आपला ज्योतिषी होता. त्याचें नांव जॉर्ज व्हार्टन. आकाश एकच, ग्रह तेच, गणितही बहुतेक तेंच. परंतु लिलीस तेथें पार्लमेंटाचा जय दिसे आणि व्हार्टनास राजाचा. दोघे एकमेकांस आपापल्या पंचांगांतून यथेच्छ शिव्या देत. पुढें राजपक्ष बुडून व्हार्टन तुरुंगांत पडला, तेव्हां मात्र लिलीनेंच शब्द टाकून १६५० सालीं त्याची सुटका करविली. प्रतिस्पर्ध्याशीं वैर करावें, पण धंद्याची अब्रू राखावी, असा हा प्रकार होता.

या दोघांच्या भांडणापेक्षां आम्हांस दोन दुसरे प्रसंग अधिक बोधप्रद वाटतात. पहिला १६५२ सालच्या मार्चच्या २९ तारखेच्या सूर्यग्रहणाचा. तो सोमवार होता. ज्योतिष्यांनीं महिनोन् महिने अशीं भाकितें छापलीं कीं, सधन लोक शहर सोडून गेले. प्रत्यक्षांत ग्रहण वेळेवर लागलें व वेळेवर सुटलें. भाकितांपैकीं कांहींच घडलें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं सगळे लंडन ज्योतिष्यांस हंसलें. दुसरा प्रसंग १६६६ चा. लिलीनें १६५१ सालीं एका पुस्तकांत कांहीं सांकेतिक चित्रें छापलीं होतीं. एकांत कफनांत गुंडाळलेलीं प्रेतें, तर दुसऱ्यांत आगीवर उलटे लोंबणारे जुळे. मिथुन ही लंडनची रास समजली जाई. १६६५ त प्लेग आला, १६६६ त लंडन जळालें. लगेच ऑक्टोबर महिन्यांत पार्लमेंटाच्या चौकशीसमितीनें म्हाताऱ्या लिलीस बोलावून विचारलें कीं, तुम्हांस हें आधीं कसें कळलें? लावणाऱ्यांची कांहीं माहिती होती काय? आग मनुष्यकृत नसून ईश्वरी कोप आहे असें सांगून त्यानें वेळ मारून नेली, आणि त्यास सन्मानानें घरीं पाठविण्यांत आलें. या प्रसंगाचें मर्म असें कीं, छापलेला शब्द पंधरा वर्षांनींही कपाटांतून काढून लिहिणाऱ्यापुढें ठेवतां येतो. तोंडच्या भविष्यास ही भीति नसते.

आतां याच काळांत आमच्याकडे काय चाललें होतें तें पाहूं. ज्योतिषशास्त्रांत त्या शतकांत महाराष्ट्र मागें नव्हता, उलट हिंदुस्थानांत आघाडीवर होता. गोदेच्या उत्तर तीरावरील गोळग्राम येथील एक घराणें व वऱ्हाडांतील दधिग्राम येथील दुसरें, अशीं दोन ज्योतिषी घराणीं काशीस जाऊन राहिलीं होतीं. गोळग्रामकरांपैकीं कमलाकरानें शके १५८० (इ. स. १६५८) मध्यें ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा मोठा ग्रंथ रचला, दधिग्रामकरांपैकीं मुनीश्वरानें त्यापूर्वीं १६४६ च्या सुमारास ‘सिद्धान्तसार्वभौम’ लिहिला होता. या दोन घराण्यांत हाडवैर होतें. ग्रहाचें स्पष्ट स्थान काढण्याच्या एका रीतीवरून मुनीश्वरानें एक प्रकरण लिहिलें, तर कमलाकराच्या भावानें त्याचें खंडन करण्यासाठीं दुसरें लिहिलें. वाचकांनीं क्षणभर हें चित्र डोळ्यांपुढें आणावें: लंडनांत लिली व व्हार्टन एकमेकांवर तुटून पडत आहेत, आणि त्याच वर्षांत काशीच्या घाटावर दोन मराठी घराणीं तितक्याच आवेशानें झगडत आहेत. पण तिकडे वाद राजाच्या शिराबद्दल. इकडे ज्या-कोटीच्या गणिताबद्दल. तिकडे वाद हजारों प्रतींतून खाटकाच्या व विणकराच्या घरीं जातो. इकडे तो संस्कृत पोथ्यांतून दहावीस पंडितांच्या बाहेर जात नाहीं. बौद्धिक दृष्ट्या आमचा वाद निःसंशय अधिक थोर होता. लोकांच्या दृष्टीनें मात्र तो झालाच नाहीं म्हटलें तरी चालेल.

आमच्याकडे राजसत्तेचा व ज्योतिषाचा संबंध नव्हता असें मात्र नाहीं. कृष्ण दैवज्ञानें शके १५७५ च्या सुमारास रचलेला ‘करणकौस्तुभ’ हा गणितग्रंथ शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झाला. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं, गागाभट्टांच्या हातून महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनीं जिजाबाई निवर्तल्या. निश्चलपुरी या तांत्रिक गोसाव्यानें पहिल्या समारंभांत उणिवा राहिल्याचें सांगितलें, व त्याच वर्षीं २४ सप्टेंबरला, आश्विन शुद्ध पंचमीस, दुसरा अभिषेक झाला. म्हणजे मुहूर्तांचा व शकुनांचा वाद आमच्याही सिंहासनापर्यंत पोंचला होता. पण हा वाद राजवाड्याच्या भिंतींआड झाला. रयतेनें दोन्ही समारंभ पाहिले, कोणत्याही बाजूचें पत्रक वाचलें नाहीं. आणि छापण्याची कला अज्ञात होती असेंही नाहीं. गोंव्यांत १५५६ पासून छापखाना होता, आणि फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानें मराठींत रचलेलें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रोमन लिपींत छापून निघालें होतें. यंत्र शेजारीं होतें. आम्हांस त्याची गरज भासली नाहीं.

ती कां भासली नाहीं, याचें एक उत्तर आमच्या गांवगाड्यांत आहे. इंग्लंडच्या शेतकऱ्यास जें ज्ञान दोन पेनीस बाजारांत मिळे, तें आमच्या कुणब्यास ग्रामजोशी घरीं येऊन सांगे. जोशीपण हें वतन होतें. पाडव्यास वर्षफळ वाचावें, पेरणीचा व लग्नाचा मुहूर्त काढून द्यावा, आणि खळ्यावर आपला वांटा घ्यावा. एवढ्या गांवोगांवच्या जोश्यांस पंचांग करतां यावें, याची सोय कोंकणांतल्या नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ (१५२०) मध्येंच करून ठेविली होती. त्याच्या ‘ग्रहलाघवा’नें ज्यांचें किचकट गणित टाळून ग्रहगणित सोपें केलें, आणि ‘तिथिचिंतामणी’च्या कोष्टकांनीं तिथि काढणें बेरीज-वजाबाकीवर आणून ठेविलें. त्याच सुमारास आमच्या निजामशाहींत दलपति या अधिकाऱ्याच्या नांवें ‘नृसिंहप्रसाद’ हा बारा भागांचा धर्मनिबंध तयार झाला. त्यांतील एक संपूर्ण भाग काळाच्या निर्णयास दिला आहे. मुसलमान सुलतानाच्या छत्राखालीं व्रतांच्या तिथींचा एवढा सूक्ष्म विचार व्हावा, यावरून हा व्यवहार राजसत्तेच्या उलाढालींपासून किती अलिप्त व किती स्थिर होता हें ध्यानांत येतें.

ही स्थिरता १८३१ सालीं मोडली. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं शिळाप्रेसवर पहिलें मराठी पंचांग छापून काढलें. गणपत कृष्णाजी हे इंग्रजी पढलेले पंडित नव्हते. मिशनऱ्यांचा छापखाना पाहून त्यांनीं आपल्या हातांनीं यंत्र जुळविलें, शाई केली, दगड शोधले. छापलेल्या कागदास शिवणें हाच विटाळ मानणारे लोक तेव्हां पुष्कळ होते, व पुढें तीस वर्षांनींही होते, असें गोविंद नारायण माडगांवकरांनीं १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’ या पुस्तकांत नमूद केलें आहे. तरीही हें पंचांग खपलें. कारण तें स्वस्त होतें आणि अक्षर सुवाच्य होतें. योगायोग असा कीं, अमेरिकन मिशनचें ठाणेंही त्याच १८३१ सालीं नगरास बसलें, व १८४२ च्या जूनपासून तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघूं लागला. पृथ्वी फिरते व ग्रहणास राहूची गरज नाहीं, असें सांगणारा छापील कागद आणि राहुकेतूंचीं घरें मांडणारा छापील कागद एकाच दशकांत आमच्या जिल्ह्यांत पोंचले.

छापील पंचांगानें जोश्याचें काय केलें? एक तर त्याच्याकडून गणित काढून घेतलें. पूर्वीं तो पंचांग करी, आतां विकत घेऊन वाचूं लागला. दुसरें, आणि महत्त्वाचें, म्हणजे त्याच्या चुका उघड्या पडल्या. प्रत्येक गांवचा जोशी आपापलें हस्तलिखित पंचांग वापरी, तोंवर दोन गांवांच्या एकादशा निराळ्या आल्या तरी त्याचा गाजावाजा होत नसे. एकच चूक हजार प्रतींत छापली गेली, आणि शेजारीं घड्याळ व इंग्रजी नाविक पंचांग आलें, तेव्हां ग्रहणाची वेळ चुकलेली शाळेच्या पोरासही दिसूं लागली. चुकीचें कारण गणेश दैवज्ञाची अक्कल नव्हे. जुन्या सिद्धान्तांचें वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें आहे. शेंकडों वर्षांत त्या मिनिटांचे दिवस होतात. शिवाय चंद्राच्या गतींतील कांहीं मोठे फेरफार जुन्या गणितांत घेतलेलेच नव्हते.

येथून पुढचीं साठसत्तर वर्षें हें आमच्या ज्योतिषाचें खरें वीरयुग होय. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें शके १७८७ पासून नव्या गणिताचें पटवर्धनी पंचांग निघालें. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं त्यापुढें जाऊन ऋतूंशीं जुळणारें सायन पंचांग काढलें. दीक्षित हे शिक्षणखात्यांतले शिक्षक. १८९६ सालीं त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि १८९८ त, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, ते गेले. मराठींत लिहिलेल्या ज्या थोड्या ग्रंथांवांचून जगांतील पंडितांचें अडतें, त्यांत हा एक आहे. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर हेही शाळामास्तर; त्यांनीं नव्या गणिताचीं संस्कृत ग्रंथांत अशी मांडणी केली कीं, जुन्या पठडींतल्या जोश्यासही तें वापरतां यावें. १९०४ सालीं मुंबईस पंचांगशोधनाची परिषद भरली, तींत लोकमान्य टिळकांनीं पुढाकार घेतला.

हे वाद कशावर माजत, याची एक वानगी देतों. जुन्या जोश्यांचा एक सिद्धान्त होता: ‘बाणवृद्धि रसक्षय’. म्हणजे तिथि साठ घटकांहून वाढली तर पांच घटका वाढेल, कमी झाली तर सहा घटका कमी होईल. याहून अधिक नाहीं. नवें गणित सांगे कीं वाढ सातापर्यंत व घट दहापर्यंत जाते. घटका म्हणजे चोवीस मिनिटें, प्रश्न तासदीडतासाचा. परंतु त्या तासावर बापाचें श्राद्ध आज कीं उद्यां हें ठरत असे, आणि श्राद्ध चुकलें तर पितर उपाशी राहतात ही भावना खोटी नव्हती. आकाशांत दिसतें तें खरें कीं परंपरेनें सांगितलें तें खरें, हा प्रश्न युरोपांत गॅलिलिओच्या न्यायासनापुढें आला. आमच्याकडे तो एकादशीच्या फराळापुढें आला. आला तो त्याच निकडीनें. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं सरकारी पंचांगसमिति नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग चालू झालें. तेथपर्यंत या वादाचा धागा जातो.

दरम्यान वतनदार जोश्याचा सक्तीचा हक्कही गेला. सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत आणलेलें जोशीविषयक बिल १९२६ सालीं मंजूर झालें, आणि ज्यास जोशी नको त्यानें त्यास दक्षिणा देण्याचें कारण उरलें नाहीं. जोश्याची जागा सोलापूरच्या दाते यांच्या पंचांगानें, आणि १९७३ पासून भिंतीवरच्या ‘कालनिर्णया’नें भरून काढली. घराघरांत खिळ्याला लटकणारा तो कागद म्हणजे ग्रामजोश्याचा छापील अवतारच होय.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. इंग्लंडांत छापखान्यानें भविष्यास आधीं डोक्यावर घेतलें आणि मग हास्यास्पद केलें. १७०८ सालीं जोनाथन स्विफ्ट यानें खोटें नांव घेऊन, जॉन पार्ट्रिज हा पंचांगकर्ता अमुक तारखेस रात्रीं अकरा वाजतां मरेल असें भाकीत छापलें. तारीख उलटतांच तो मेल्याची बातमीही छापली. आणि बिचारा पार्ट्रिज आपण जिवंत आहों हें सिद्ध करतां करतां थकून गेला. पंचांगें त्यानंतरही लाखांनीं खपलीं, पण मुत्सद्द्यानें ज्योतिष्यास छावणींत न्यावें तो काळ संपला. आमच्याकडे तसें घडलें नाहीं. आमच्या थोर पुरुषांनीं आपली सर्व बुद्धि गणित शुद्ध करण्यांत वेंचली. तें कार्य मोठें होतें, त्याविषयीं आमच्या मनांत आदरावांचून दुसरें कांहीं नाहीं. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. गणिताच्या पानाला दुरुस्तीची आंच लागली, फळाच्या पानाला कोणीं हात लावला नाहीं. आणि शुद्ध झालेल्या गणिताची प्रतिष्ठा शेजारच्या न तपासलेल्या फळाला फुकट मिळाली. आजीचा युक्तिवाद नेमका हाच होता.

फळाची परीक्षा घेणें अशक्य नव्हतें. ती उशिरां कां होईना, याच महाराष्ट्रांत झाली. २००८ सालीं पुण्यास डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोनशें मुलांच्या कुंडल्या जमविल्या. निम्मीं मुलें शाळेंत हुशार, निम्मीं मतिमंद. प्रत्येक ज्योतिष्यास चाळीस कुंडल्या देऊन कोणती कोणाची तें सांगण्यास कळविलें. सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें पाठविलीं. त्यांपैकीं बरोबर निघालीं शेंकडा सेहेचाळीस. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तर पन्नास बरोबर येण्याची अपेक्षा होती. दीक्षितांनीं व केतकरांनीं तिथीला जी कसोटी लावली, तीच येथें फळाला लागली, एवढाच याचा अर्थ. सूर्यबिंब परातींत पाहून आंकड्याखालीं रेघ ओढावी, तसेंच हें.

हें आम्ही उपहासानें लिहीत नाहीं. नगर, आतांचें अहिल्यानगर, येथील बाजारांत पाडव्याच्या आधीं पंचांगें मांडलेलीं आम्ही दरवर्षीं पाहतों, आणि दरवर्षीं एक विकतही घेतों. सणवार त्यावांचून कळत नाहींत. पण लग्नाच्या वयाची मुलगी मंगळाच्या घरापायीं वर्षानुवर्षें बसून राहिलेलीही आम्हीं पाहिली आहे, आणि तिच्या बापास समजाविण्यास जावें तर तो ग्रहणाचीच साक्ष काढतो: "मास्तर, वेळ कधीं चुकते का?" वेळ चुकत नाहीं, याचें श्रेय छत्रे, दीक्षित, केतकर यांस आहे, ज्यानें मंगळ मांडला त्यास नाहीं. हा एवढा विवेक आमच्या घरोघरीं पोंचता, तर त्या शाळामास्तरांच्या श्रमांचें खरें चीज झालें असतें.

आजोबांचें तें पंचांग अजून आमच्या कपाटांत आहे. कागद पिंवळा पडला आहे, पण ग्रहणाच्या आंकड्याखालची पेन्सिलीची रेघ स्पष्ट दिसते. वर्षफळाच्या पानावर मात्र एकही खूण नाहीं. तें पान आमच्या आजोबांनीं वाचलें असावें. तपासून मात्र पाहिलें नसावें.